ओपन जीप नाहीतर सॉफ्ट टॉप घेताय? मग पलटीचा विचार गाडी घ्यायच्या आधी करा

आमच्याकडं ओपन गाडीची हौस लै जुनी आहे. वरातीला ओपन जीप, जत्रेला ओपन जीप, आणि आता सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छपराची, थार आल्यापासून तर बीड, लातूर, संभाजीनगर कुठंबी जा, हूड काढून फिरणारी पोरं दिसतातच. हौसेला माझा विरोध नाही, मी स्वतः दोन ओपन गाड्या वापरल्यात. पण गाडी बघायला जाताना लोकं म्युझिक सिस्टीम बघतात, टायर केवढे आहेत ते बघतात, पलटी झाली तर डोक्यावर काय आहे हे कुणीच बघत नाही. मीबी बघितलं नव्हतं.

२०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. केजकडून अंबाजोगाईला येत होतो, जुनी कॅनव्हास हूडची जीप, स्पीड पन्नासच्या आसपास. समोरून ट्रॅक्टर ट्रॉली आली म्हणून मी थोडी डावीकडं घेतली तर डावी दोन्ही चाकं साईडपट्टीवरून खाली उतरली. काळी माती, त्यात दोन दिवसांचा पाऊस. मी घाबरून स्टेअरिंग जोरात उजवीकडं ओढलं, गाडी वर आली, आडवी झाली आणि पलीकडच्या कडेला चाक मातीत रुतून पलटली. मला बेल्ट होता, खांद्याला खरचटलं तेवढंच. मेव्हणा मागच्या आडव्या बाकावर बसला होता, त्याला बेल्ट नव्हताच, तो हूड फाडून बाहेर फेकला गेला, हासळीचं हाड मोडलं. जीप त्याच्या अंगावर आली नाही हे नशीब. त्यानंतर मी हा विषय सोडला नाही, वाचत राहिलो, मेकॅनिकला फॅब्रिकेशनवाल्याला विचारत राहिलो, आणि २०२२ ला सेकंड हँड सॉफ्ट टॉप घेतली तेव्हा हे सगळं तपासूनच घेतली. तेच खाली क्रमानं लिहितोय.

१. पलटी नेमकी कशी होते ते आधी समजून घ्या

आपल्याला वाटतं की वळणावर स्पीड जास्त झाला की गाडी आपोआप पलटते. सपाट डांबरावर असं फार कमी वेळा होतं, तिथं गाडी आधी घसरते. बहुतेक वेळा आडवी घसरत असलेली गाडी कशाला तरी अडखळते आणि मग पलटते. अडखळायला मऊ माती पुरते, दुभाजक पुरतो, चारी पुरते. अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षा खात्याच्या आकडेवारीत एकट्या गाडीच्या पलटीपैकी जवळपास ९५ टक्के अशा अडखळूनच झालेल्या आहेत. आता आपल्या रस्त्यांचा विचार करा, डांबर संपलं की सहा इंच खाली साईडपट्टी, तिच्या पलीकडं काळी माती, आणि मग चारी. अडखळायची सगळी सोय कडेलाच आहे.

दुसरी गोष्ट गाडीची उंची. एक साधा हिशोब आहे, डाव्या उजव्या चाकांमधलं अंतर घ्यायचं आणि त्याला गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून जेवढा उंच आहे त्याच्या दुपटीनं भागायचं. जेवढा आकडा मोठा तेवढी गाडी पलटायला अवघड. साध्या कारचा साधारण १.३ ते १.५ येतो आणि उंच एसयूव्हीचा १.० ते १.३. म्हणजे जीप घेतली की कारपेक्षा लवकर पलटणारी गाडी घेतली, हे मान्य करूनच पुढं चला.

२. गाडी निवडताना डोक्यावर काय आहे ते बघा

बंद गाडीचं छप्पर वजन पेलायला बनवलेलं असतं. अमेरिकेत २००९ च्या नियमानं साध्या गाडीच्या छपरानं तिच्या वजनाच्या तिप्पट भार झेलला पाहिजे, पण कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडणाऱ्या, गाड्यांना तो नियम लागूच नाही, कारण छप्परच नाही. म्हणून कंपन्यांनी दुसरे रस्ते काढले. पोर्शनं १९६५ मध्ये टार्गा दाखवली, तिच्यात सीटच्या मागं पोलादाची जाड कमान होती. फोक्सवॅगननं १९७९ च्या गोल्फ कॅब्रिओलेटला मधोमध कायमचा बार दिला. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये बार मागं लपलेला असायचा, गाडी पलटतेय असं सेन्सरला कळलं की ०.३ सेकंदात उभा राहायचा. आणि अशा बहुतेक सगळ्या गाड्यांत समोरच्या काचेची चौकट मजबूत केलेली असते, कारण उलट्या पडलेल्या गाडीचा भार पुढं ती चौकट आणि मागं तो बार, या दोघांवरच येतो. संभाजीनगरात अशा इम्पोर्टेड गाड्या कधीमधी दिसतात, पण आपल्यातल्या बहुतेकांच्या बजेटमध्ये जीप आणि थारच येते, म्हणून त्यांचंच सांगतो.

जुनी एमएम ५४०, मेजर, नाहीतर २०२० च्या आधीची थार: हूडच्या खाली जे पाईप दिसतात ते फक्त कापड ताणून धरायला आहेत. तो रोल बार, म्हणजे पलटीत भार झेलणारी मजबूत कमान, नाही. हे अगदी नीट लक्षात घ्या कारण विकणारा माणूस त्याच पाईपावर हात आपटून "बघा की, लोखंडी आहे" म्हणतो.

ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी थार: चार सीटर असेल तर सॉफ्ट टॉपमध्येबी कंपनीचाच रोल केज, म्हणजे जाड पाईपांचा पिंजरा, येतो, मागच्या सीटचं तोंड समोर असतं आणि त्यांना बेल्ट आहेत. गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०२० मध्ये तिला मोठ्यांसाठी ४ आणि लहान मुलांसाठी ४ स्टार दिले. पण ती टेस्ट धडकेची होती, त्यात गाडी पलटवून बघत नाहीत, त्यामुळं "४ स्टार आहे, पलटी झाली तरी काय होत नाही" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. अजून एक, तिचं हार्ड टॉपबी पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. हार्ड टॉप असो की सॉफ्ट टॉप, भार केजवरच येणार.

कटटॉप गाडी, म्हणजे बंद गाडीचं छप्पर कापून ओपन केलेली, फुकट मिळाली तरी घेऊ नका. छप्पर हा त्या गाडीच्या ताकदीचा भाग असतो, तो कापला की खालची बॉडीबी ढिली पडते.

३. सुतळीची टेस्ट

यासाठी एक सुतळी आणि दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर उभी करा. तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं सीटवर बसा, पाठ टेकवून, बेल्ट लावून. एकानं सुतळीचं एक टोक समोरच्या काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेला धरायचं आणि दुसऱ्यानं मागच्या बारच्या माथ्यावर धरून ताणायची. तुमचं डोकं त्या सुतळीच्या किमान चार बोटं खाली राहिलं पाहिजे. गाडी उलटी पडली की जमीन साधारण त्या सुतळीच्या जागेवर येते. पलटीत बेल्ट थोडा ताणतो, माणूस सीटवरून वर उचलला जातो, म्हणून ती चार बोटं जागा लागतेच.

डोकं सुतळीला लागत असेल तर आधी सीट खाली होते का बघा. कुणी सीटवर जाड उशी, मण्यांचं कव्हर टाकलं असेल तर ते काढा. तरीबी लागत असेल तर ती गाडी तुमच्या उंचीची नाही. माझा चुलत भाऊ सहा फुटांच्या वर आहे, त्यानं याच टेस्टमुळं एक चांगली पॉलिश केलेली जीप सोडली.

४. सेकंड हँड असेल तर हे तपासा

– केजच्या सगळ्या वेल्डिंगवरून बोट फिरवा. कुठं नवीन रंग, कुठं खडबडीत वेल्ड, कुठं पाईपला हलकी घडी दिसली तर गाडी आधी पलटलेली असू शकते. एकदा वाकलेला आणि सरळ केलेला पाईप दुसऱ्यांदा तेवढा भार घेत नाही.
– समोरच्या काचेची चौकट दोन्ही बाजूंनी मोजा, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी. दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत.
– बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. पट्टीवर लाटा पडल्यात, कडा झिजल्यात, तर तो बेल्ट एका अपघातात ताणलेला असू शकतो, बदलायचाच. झटका देऊन ओढला की जागेवर लॉक झाला पाहिजे.
– बेल्टचे आणि सीटचे बोल्ट जिथं बसतात तिथला पत्रा खालून बघा. गंज असेल तर वरचा बेल्ट कितीबी नवा असू दे, काही उपयोग नाही.
– टायरवर चार आकडी कोड असतो, ३५१९ असेल तर २०१९ सालचा ३५ वा आठवडा. ओपन गाड्या कमी चालतात म्हणून नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र जुनं, कडक झालेलं असतं.

कागदपत्रं: आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, सर्व्हिसच्या पावत्या, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८. इन्शुरन्सचा जुना क्लेम कशाचा होता ते विक्रेत्याकडून लेखी मागा. आरसीवर सीटांची संख्या, बॉडीचा प्रकार काय लिहिलाय आणि समोर गाडी कशी उभी आहे हे जुळवून बघा, न जुळणारी गाडी घेऊ नका.

५. जुन्या जीपला रोल बार बसवायचा असेल तर

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि करणाऱ्यालाबी कळत नसतं की आपण फसवतोय. बाजारात चकचकीत बार मिळतात, पातळ पाईप, वर चार लाईट लावायची सोय, आणि खाली डाल्याच्या पत्र्याला दोन दोन बोल्ट. गाडी उलटली की हा पाईप वाकतो, नाहीतर पत्र्यातून आरपार खाली घुसतो, भोक पाडून.

मोटर स्पोर्टची जागतिक संस्था एफआयए रॅलीच्या गाड्यांना काय सांगते ते बघा, म्हणजे अंदाज येईल. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या, नाहीतर ५० च्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाईपची, कमानीत सांधा चालत नाही. पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, प्रत्येक पायाला किमान तीन एम ८ बोल्ट, तेबी ८.८ ग्रेडचे. आणि कमानीला मागं तिरके आधार. फॅब्रिकेशनवाल्याला हे आकडे वाचून दाखवा. "एवढं कशाला लागतंय" म्हणाला तर दुसरीकडं जा.

डोकं जिथं आपटू शकतं तिथं पाईपला कडक पॅडिंग लागतं. एसीच्या पाईपला गुंडाळतात तो मऊ काळा फोम चालत नाही, तो एका दणक्यात चपटा होतो. बेल्ट नसेल तर हाच बार तुमचा जीव घेईल, कारण डोकं त्याच्यावरच जाऊन आदळतं. बार आणि बेल्ट एकत्रच पाहिजेत, एकटा बार बसवू नका.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या माहितीत फरक पडेल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंबी हेच सांगितलं. मालकानं बेकायदा बदल केला तर एका बदलाला ५००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून काम सुरू करायच्या आधी आपल्या आरटीओत, बीडवाल्यांनी बीडला, अंबाजोगाई उदगीरवाल्यांनी आपापल्या ऑफिसात, लेखी अर्ज देऊन विचारा आणि इन्शुरन्स कंपनीलाबी लेखी कळवा. तोंडी "चालतंय की" यावर एक रुपयाबी खर्च करू नका. माझं मत विचाराल तर जुन्या जीपवर एवढा खर्च आणि ही धावपळ करण्यापेक्षा कंपनीचा केज असलेली गाडी घ्या. थोडे महिने थांबा, पैसे जमवा, पण तीच घ्या.

६. बेल्ट, आणि कोण कुठं बसणार

ओपन गाडीच्या पलटीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा बाहेर फेकला गेल्यामुळं. बाहेर पडला की डांबर, दगड, आणि वरून स्वतःचीच गाडी. लोकं म्हणतात बेल्ट नसेल तर उडी मारता येते. भाऊ, पलटी सुरू होऊन गाडी आडवी पडायला एक दोन सेकंद लागतात, त्यात कुणी उडी मारत नाही, तो फेकला जातो. आणि हूडचं कापड, चेनच्या खिडक्या माणसाला अडवत नाहीत, मेव्हण्याच्या वेळी मी डोळ्यानं बघितलंय. पुढच्या एअरबॅगच्या भरवशावरबी राहू नका, त्या समोरच्या धडकेसाठी असतात.

बेल्ट लावताना कमरेची पट्टी पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर घ्या आणि ओढून घट्ट करा. पलटीत तुम्हाला सीटवर धरून ठेवते ती हीच पट्टी. थंडीत जाड जर्किनवरून बेल्ट लावला की तो ढिलाच राहतो, जर्किनची चेन उघडून आतून घ्या.

मागच्या आडव्या बाकावर, म्हणजे जिथं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात तिथं, हायवेवर कुणाला बसवायचं नाही. लहान लेकराला तर अजिबात नाही. घरात लहान मूल असेल तर समोर तोंड असलेली मागची सीट आणि आयसोफिक्स, म्हणजे लेकराची सीट पक्की अडकवायच्या कड्या, असलेलीच गाडी बघा. बेल्ट नाही लावला तर १००० रुपये दंड आहे आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटलाबी तो लागू आहे.

वरातीचं वेगळं सांगतो. नवरदेव उभा, चार करवल्या बारला धरून उभ्या, दोन पोरं बॉनेटवर, आणि ड्रायव्हर ओळखीतला म्हणून कुणी काही बोलत नाही. गावात बँडच्या मागं चालायच्या वेगानं जाताय तोपर्यंत ठीक. वेशीच्या बाहेर निघालात की गाडी थांबवा, सगळ्यांना खाली उतरवा, जेवढे बेल्ट तेवढीच माणसं बसवा. नवरीकडच्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा, "मामा, फाट्यापासून पुढं हे सगळे दुसऱ्या गाडीत येतील", म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

७. लिफ्ट किट आणि मोठे टायर

वरचाच हिशोब पुन्हा करू. समजा चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य ७० सेंटिमीटर उंच, आकडा येतो १.०७. गाडी उंच करायचं लिफ्ट किट आणि मोठे टायर यांनी तो मध्य ५ सेंटिमीटर वर गेला तर आकडा १.०० वर येतो. कंपनीनं ठेवलेला तोल दोन इंचासाठी घालवला. मागं खताची पोती, त्यावर माणसं, असं भरलं तर अजून वाईट. सामान कायम खाली, डाल्याच्या तळाला, आणि बांधून. सुटा जॅक, पाना, पाण्याचा कॅन पलटीत डोक्यात बसतो.

टायरची हवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच ठेवा, सकाळी टायर थंड असताना तपासा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२–४३ ला जातो, त्यात कमी हवेचा जुना टायर घेऊन समृद्धीच्या काँक्रीटवर जालना ते संभाजीनगर पळवणं म्हणजे टायर फुटायची वाट बघणं. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, पण सॉफ्ट टॉप मी ९० च्या वर नेत नाही. टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या.

८. रस्त्यावर: साईडपट्टी, ट्रॉली, घाट

हे वाचून मोकळ्या मैदानात दोन चार वेळा करून बघा, कारण ऐनवेळी हात सवयीनंच चालतात.

चाकं साईडपट्टीवर उतरली तर लगेच वर घ्यायची नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक नाही, आणि तसंच दोन चाकं खाली दोन वर असं चालू द्यायचं. स्पीड पार कमी झाला, मागून कुणी येत नाही असं बघितलं, की मग जिथं डांबराची कड कमी उंच आहे तिथून हळूच वर घ्यायची. गाडी खडखड करते, मनाला भीती वाटते, तरी झटका मारायचा नाही. मी २०१७ ला एवढं केलं असतं तर मेव्हण्याचं हाड मोडलं नसतं.

कारखाने सुरू झाले, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, की रात्री उसाच्या ट्रॉल्या. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्हीकडं बाहेर आलेला. हेडलाईटच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबेल एवढाच स्पीड ठेवा. अचानक ट्रॉली दिसली, रोही (नीलगाय) आडवं आलं, कुत्रं आलं तर सरळ रेषेत ब्रेक मारा. उंच गाडी झटक्यानं वळवून वाचवायला जाल तर दुसऱ्या वळशात पलटेल. जनावराला धडकणं वाईटच, पण पलटी त्याहून वाईट.

मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट, कन्नडचा घाट, सगळीकडं एकच नियम: वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, आणि उतरताना खालचा गिअर. म्हैसमाळला पावसाळ्यात जाणाऱ्या पोरांनो, धुक्यात कडेला गाडी लावायला मातीत उतरू नका, कडा ढासळलेल्या असतात.

९. पलटी झालीच तर

गाडी कलंडायला लागली की हात आत. स्टेअरिंग धरा, बाकीच्यांनी सीट नाहीतर स्वतःचा बेल्ट धरा, हनुवटी छातीला. वरचा बार कुणी पकडायचा नाही, बार आणि जमीन यांच्यात बोटं चिरडतात. गाडीला हातानं टेका द्यायला बाहेर हात काढायचा नाही.

थांबली की आधी इग्निशन बंद. उलटे लटकला असाल तर बेल्ट लगेच सोडू नका, सरळ मानेवर पडाल. एक हात वर, म्हणजे आता खाली असलेल्या बाजूला, घट्ट टेकवा, पाय फूटवेलमध्ये, म्हणजे पेडलजवळच्या पाय ठेवायच्या जागेत, दाबा, मग दुसऱ्या हातानं बेल्ट सोडा. डिझेल पेट्रोलचा वास आला, धूर दिसला तर लगेच बाहेर आणि लांब. तसं काही नसेल आणि कुणाची मान, पाठ दुखत असेल तर त्याला ओढून काढू नका, बोलत राहा, १०८ ला फोन करा, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३, यातला कुठलाच फोन लागला नाही तर ११२. गावातली लोकं मदतीला धावतात पण पोलिसांच्या भानगडीला भितात, त्यांना सांगा की कलम १३४अ प्रमाणं मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायचीबी सक्ती नसते.

गाडीत कायम ठेवा

बेल्ट कापायची सुरी, ती हाताला लागेल अशी सीटच्या बाजूला बांधून, डिकीत नाही. टॉर्च. लाल त्रिकोण. प्रथमोपचार पेटी. छोटा फायर एक्स्टिंग्विशर, क्लॅम्पमध्ये घट्ट बसवलेला. टायरची हवा बघायचं गेज. आणि ती सुतळी, कारण गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देताना त्याच्या उंचीप्रमाणं टेस्ट पुन्हा करावी लागते.